लुटीत आलेले कुंभार

आजचा विषय युद्धाचाच आहे, पण समोर ठेवायचा आहे मातीचा एक वाडगा. जपानमधल्या हागी गावचा. ओंजळीत मावेल एवढा, फिकट पिवळसर, झिलईवर बारीक तड्यांचं जाळं. चहाच्या वाडग्यांत तिथले जाणकार पहिला मान राकूला, दुसरा हागीला, तिसरा कारात्सूला देतात. यातले शेवटचे दोन कोरियन कुंभारांनी घडवले. हागीचे कुंभार तर युद्धातून आणलेले.

सोळाव्या शतकात कोरियाच्या दक्षिणेत भाजलेले साधे वाडगे जपानी सरदारांच्या मनात भरले. त्यांना ते 'इदो' म्हणत. बुडाशी झिलई गोळा होऊन दाणेदार दिसे, तिला नाव मिळालं 'काइरागी', म्हणजे तलवारीच्या मुठीला लावायचं माशाचं खरखरीत कातडं. नाव देणाऱ्यांच्या कमरेला काय असायचं, ते ओळखा! ओदा नोबुनागा तर पराक्रमाचं बक्षीस म्हणून चहाची भांडी देई. आम्हाला पदकं मिळायची.

1592 मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली, 1597 मध्ये पुन्हा. डोळा होता चीनवर. जमिनीवर जोरदार मुसंडी मारली, पण समुद्रावर यी सुन-शिनच्या आरमाराने रसदीची वाट अडवली. 1598 मध्ये हिदेयोशी मेला आणि फौजा परतल्या. जिंकलेली जमीन हाती राहिली नाही, धरून आणलेली माणसं मात्र राहिली. या लढाईला जपानात 'भांड्यांचं युद्ध' असंही म्हणतात. मला हे नाव खटकतं. क्योतोत मिमिझुका नावाचा एक उंचवटा आहे. त्याखाली या मोहिमेत कापून आणलेली हजारो नाकं पुरली आहेत. भांडी त्यानंतरची.

मोरी तेरुमोतो या सरदाराकडे यी जाक-ग्वांग आणि यी ग्योंग हे भाऊ आले. 1600 मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत मोरी हरणाऱ्या बाजूला होते. मुलूख गेला, हिरोशिमा सुटलं, हागीत बस्तान हलवावं लागलं. कुंभारही तिकडे गेले आणि इदोच्या धर्तीवर वाडगे घडवू लागले. 1625 मध्ये मोरी घराण्याने यांच्या कुळाला 'कोराईझाएमोन' हे नाव दिलं. त्यातलं कोराई म्हणजे कोरिया. साका हे जपानी आडनाव लावणाऱ्या त्या घराण्यात हे नाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं.

हागीच्या पुष्कळ वाडग्यांच्या बुडाला खाच असते. सरदारासाठीचा माल मुद्दाम सदोष करून सामान्यांना वापरता यावा म्हणून ती पाडली, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण तशी खाच कोरियातल्या जुन्या वाडग्यांनाही आढळते. म्हणजे कुंभारांच्या हातातली सवयच समुद्र ओलांडून आली, असं मी मानतो.

माती सच्छिद्र, भाजणी हलकी. चहा तड्यांत मुरतो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने रंग पालटतो. जपानी लोक त्याला हागीची सात रूपं म्हणतात. नवा वाडगा मात्र पाझरतो, तेव्हा कुणी आणलाच तर पहिल्या चहाआधी पाण्यात भिजवून ठेवा.