राणीच्या नावाचे विद्यापीठ

नोकरीनिमित्त उत्तरेत आलेला मराठी माणूस झाशीस उतरला की त्याची पावले प्रथम किल्ल्याकडे वळतात. आमचीही वळली. परंतु १८५८ साली या नगरीने राज्याबरोबर आपला ग्रंथसंग्रहही गमावला, याचे स्मरण आपणांस क्वचितच होते. त्याच्या विध्वंसाची हकीकत गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये नमूद करून ठेवली आहे.

ती उणीव भरून येण्यास फार काळ लागला. १९६२ साली येथे गवत व चारा यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था निघाली, १९७५ साली बुंदेलखंड विद्यापीठ आणि १९८६ साली अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था. पुढे २०१४ साली संसदेच्या कायद्याने राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या इमारतींचे उद्घाटन २०२० साली झाले. कृषी, उद्यानविद्या व वनविद्या यांचे शिक्षण झाशीस, तर पशुवैद्यक व मत्स्यविद्या यांचे शेजारच्या दतियास, अशी त्याची योजना आहे.

या प्रांतास अशाच विद्येची गरज होती. येथे पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा थर पातळ, खाली कातळ. पावसाचे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. अवर्षण हा येथील शेतकऱ्याचा जुना वैरी. त्याच्याशी झुंजणाऱ्या विद्यापीठास राणीचे नाव मिळाले, हे आम्हांस कोणत्याही पुतळ्याहून अधिक उचित वाटते. किल्ला पाहून झाल्यावर मराठी पाहुण्याने या वाटेनेही एकदा जावे.