त्रेचाळीस साप आणि सात विषारी

१/ साप दिसला की काठी शोधायची, ही आपल्याकडची जुनी रीत. तो विषारी होता का, हा प्रश्न बहुधा तो मेल्यावरच विचारला जातो. हा प्रश्न आधी विचारणाऱ्या एका वैद्याची ही कथा.

२/ पॅट्रिक रसेल हा मूळचा एडिंबरोचा. १७८५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मद्रास इलाख्यात निसर्ग-अभ्यासक म्हणून नेमले. विषारी साप ओळखण्याची सोपी खूण सामान्य माणसाच्या हाती द्यावी, हा त्याचा ध्यास होता.

३/ कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप त्याने जमवले, त्यांचे दात तपासले, कोंबड्या व कुत्र्यांवर दंशाचे परिणाम पाहिले. १७९६ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेल्या ४३ सापांपैकी अवघ्या ७ सापांना विषदंत आढळले.

४/ मात्र सर्व विषारी सापांना लागू पडेल अशी एकही बाह्य खूण त्याला सापडली नाही. रंग फसवतो, आकार फसवतो. खात्री होते ती जबड्यातले दात पाहून. आपण जिला घोणस म्हणतो, तिच्या शास्त्रीय नावात आजही रसेल आहे.

५/ पुढच्या शतकात सरकारने निराळा मार्ग धरला: मेलेल्या सापामागे इनाम. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सलग सहा वर्षे दरसाल सरासरी सव्वादोन लाखांहून अधिक फुरशी मारली गेली. फुरसे विषारीच, परंतु इनामाने लोकांना साप मारणे शिकवले, ओळखणे नव्हे.

६/ न ओळखण्याची किंमत बिनविषारी साप आजही मोजतात. घोणस समजून डुरक्या घोणस मारला जातो, मण्यार समजून कवड्या आणि नाग समजून धामण. यांपैकी एकालाही विष नाही. उलट धामण शेतातले उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखते.

७/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांनाही संरक्षण दिले. तथापि परसदारी काठी उचलली जाते, त्या क्षणी तेथे कायदा नसतो. असते ती केवळ भीती.

८/ साप ओळखता येत नसेल, तर दूर उभे राहावे, त्याला वाट द्यावी, सर्पमित्राला बोलवावे. आणि रसेलचा हिशेब आठवावा: ४३ मधून ७ वजा केले, तर उरतात ३६. आपली काठी बहुतेक वेळा त्या छत्तिसांवरच पडत आली आहे.