मुक्ती मिशनमधील उज्जीवन (१९०५)

मुक्ती मिशनमधील उज्जीवन ही पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या संस्थेत जून १९०५ च्या अखेरीस सुरू झालेली ख्रिस्ती धर्मजागृती होय. प्रदीर्घ सामुदायिक प्रार्थना, उघड पापकबुली, पश्चात्ताप आणि सुवार्ताप्रसारासाठी बाहेर पडणाऱ्या तरुण स्त्रियांची पथके ही तिची ठळक वैशिष्ट्ये होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्स, खासी टेकड्या, लॉस एंजेलिस व चिली या ठिकाणी झालेल्या अशाच चळवळींबरोबर तिचा उल्लेख केला जातो. तिच्या केंद्रस्थानी धर्मोपदेशक पुरुष नव्हते. दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा होत्या. (येथील केडगाव हे दौंड तालुक्यातील, पुणे–दौंड लोहमार्गावरील गाव आहे, अहिल्यानगरजवळचे केडगाव निराळे.)

संज्ञा

‘उज्जीवन’ म्हणजे पुन्हा जिवंत होणे, मरगळलेल्यात प्राण येणे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत हा शब्द परधर्मीयांच्या धर्मांतरासाठी वापरत नाहीत. जे आधीच ख्रिस्ती आहेत, नियमाने उपासनेला येतात, पण ज्यांच्या श्रद्धेत ओढ उरलेली नाही, अशांच्या अंतःकरणात ती ओढ पुन्हा जागी होणे, हा त्याचा मुख्य अर्थ आहे. मुक्तीतील घटना समजून घेताना हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. तेथील बहुसंख्य मुलींचा बाप्तिस्मा १९०५ पूर्वीच झाला होता.

पार्श्वभूमी : रमाबाईंचा आध्यात्मिक प्रवास

हे उज्जीवन रमाबाईंच्या स्वतःच्या अनुभवापासून वेगळे काढता येत नाही. रमाबाईंचा (१८५८–१९२२) जन्म अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी झाला. बालपण तीर्थयात्रांत आणि पुराणकथनात गेले. आईवडील दुष्काळात वारले. १८७८ मध्ये कोलकात्यात त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतरही त्यांचे मन शांत नव्हते. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे परस्परविरोधी दावे त्यांना गोंधळात टाकीत. वाँटेजच्या भगिनीसंघाशी त्यांनी त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर दीर्घ वाद घातला. १९०७ च्या ‘माझी साक्ष’ या आत्मनिवेदनात त्यांनी याविषयी स्पष्टपणे लिहिले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्या कथनाचा आशय आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम स्वतः अनेक वर्षे धर्मगुरू म्हणून काम केल्यावर ‘जागे’ झालेले गृहस्थ होते. मतस्वीकार आणि जिवंत श्रद्धा या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, ही जाणीव रमाबाईंना तेथून झाली आणि पुढे ती त्यांनी सोडली नाही.

त्यानंतरच्या वर्षांत लोणावळा येथे भरणाऱ्या शिबिरसभांना त्या आपल्या मुलींसह जाऊ लागल्या. १८९६ च्या सभेच्या वेळी त्यांच्या श्रद्धावान ‘कन्या’ पंधरा होत्या. पुढील सभेपर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे त्या दोनशे पंचवीस व्हाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केली. त्या वेळी त्यांच्याजवळ एवढ्या मुलींसाठी ना जागा होती ना पैसा. गणिती अचूकतेने मागणे मागण्याची ही पद्धत जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांच्या चरित्रांच्या वाचनातून आलेल्या विश्वासाशी सुसंगत होती. कोणापुढे हात न पसरता देवाकडेच मागावे, असा त्या दोघांचा बाणा होता.

मुक्तीचा समुदाय

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास आलेले शारदा सदन हे धर्मनिरपेक्ष आश्रयस्थान होते. १८९३ मध्ये तेथील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद उसळला, सल्लागार मंडळातील हिंदू सुधारकांनी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे स्त्रिया व मुली घेऊन आल्या. त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर ठेवण्यात आले आणि तेथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर वस्ती सुमारे दोन हजारांवर पोहोचली. शेती, विणकाम, तेलघाणी, दुग्धव्यवसाय आणि छापखाना अशी कामे स्त्रियाच सांभाळीत.

वस्ती वाढली तशी अडचणही वाढली. भुकेने आणि छळाने पोळलेल्या शेकडो मुली एकत्र आल्या, त्यांचे बाप्तिस्मे झाले, परंतु भांडणे, चोऱ्या, खोटे बोलणे थांबले नाही. उज्जीवनाच्या वेळी झालेल्या कबुल्या मुख्यतः याच गोष्टींच्या होत्या. धार्मिक साहित्यात या काळाचे वर्णन पुष्कळदा एकदम तेजोमय केलेले आढळते. परंतु ज्या अस्वस्थतेतून प्रार्थना सुरू झाली ती अगदी साधी, वसतिगृहातली होती.

प्रतीक्षेची तयारी

उज्जीवन अकस्मात आले असे म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु तारखा वेगळे सांगतात. १८९८ मध्ये रमाबाई इंग्लंडमधील केझिक परिषदेस गेल्या होत्या. हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांतून एक लाख पुरुष व एक लाख स्त्रिया सुवार्तेच्या कामासाठी उभ्या राहाव्यात, यासाठी प्रार्थना करण्याची विनंती त्यांनी तेथे केली. १९०२ मध्ये मेलबर्न येथे रूबेन टॉरी यांच्या सभा झाल्या. त्या सभांआधी घरोघरी लहान प्रार्थनामंडळे चालविण्यात आली होती, हे कळल्यावर रमाबाईंनी मनोरमाबाई व मिनी एब्रम्स यांना पाहणीसाठी ऑस्ट्रेलियास पाठविले. एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट कार्यकर्त्या मुक्तीत रमाबाईंच्या सहकारी होत्या. दोघी परतल्यावर केडगावातही अशी मंडळे सुरू झाली.

दरम्यान ३१ ऑक्टोबर १९०४ रोजी वेल्समधील लाखोर या गावी इव्हान रॉबर्ट्स या सव्वीस वर्षांच्या, पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेल्या तरुणाच्या सभा सुरू झाल्या आणि काही महिन्यांत तो सर्व प्रदेश ढवळून निघाला. ही वार्ता वृत्तपत्रे व पत्रांतून जगभर पसरली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींसमोर उज्जीवनाची गरज मांडली आणि रोज आपल्याबरोबर प्रार्थनेस येण्यासाठी स्वेच्छेने नावे मागितली. सत्तर मुलींनी नावे दिली. हळूहळू संख्या वाढत गेली आणि जूनपर्यंत सुमारे साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. सक्ती नव्हती. पाच महिने काहीही ‘घडले’ नाही, तरी संख्या घटली नाही, हे या प्रकरणातील सर्वांत कमी चर्चिले गेलेले आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचे तथ्य आहे.

जूनमध्ये रमाबाईंनी आणखी एक आवाहन केले. बायबल शाळेतील मुलींनी इतर अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास जावे, असे त्याचे स्वरूप होते. तीस तरुणी पुढे आल्या. त्या या कामासाठी सामर्थ्य मिळावे म्हणून रोज प्रार्थना करू लागल्या.

२९ व ३० जून १९०५

एब्रम्स यांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास या तिसांपैकी एका तरुणीला तीव्र आध्यात्मिक अनुभव आला. शेजारी झोपलेली मुलगी जागी झाली तेव्हा तिला आपली मैत्रीण ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि पाणी ओतणार तोच ती जळत नसल्याचे तिच्या लक्षात आले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील अग्नीच्या जिभांचे वर्णन ख्रिस्ती वाचकाला येथे आठवणारच. घटनेचा अर्थ कसाही लावला, तरी बादलीचा तपशील त्या वसतिगृहातील व्यवहारी मुलींचे चित्र उभे करतो.

दुसऱ्या दिवशी, ३० जूनच्या संध्याकाळी, रमाबाई योहानकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायावर त्यांच्या नेहमीच्या शांत पद्धतीने बोलत होत्या. ऐकणाऱ्या मुली एकाएकी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. त्यानंतर काही काळ शाळेचे वर्ग व नेहमीचे उद्योग बंद ठेवावे लागले. रडणे, थरथरणे, पापांची जाहीर कबुली, चोरलेल्या वस्तू परत करणे, वैर मिटविणे आणि शेवटी आनंदाने गाणे, असा क्रम प्रत्यक्षदर्शींनी नोंदविला आहे. शेकडो जणी एकाच वेळी आपापली प्रार्थना मोठ्याने करीत. पाश्चात्त्य पाहुण्यांना सर्वांत जास्त खटकली ती हीच गोष्ट.

आक्षेप आणि रमाबाईंची भूमिका

टीका दोन बाजूंनी झाली. अनेक मिशनरी मंडळींना हा गोंगाट उपासनेच्या मर्यादेला सोडून वाटला. भावनावश मुलींचा उमाळा, अनुकरण किंवा मानसिक विकार, अशी स्पष्टीकरणे पुढे आली. दुसरीकडे, १८९३ पासून दुरावलेल्या पुण्यातील सुशिक्षित हिंदू समाजाला या घटनेत दुष्काळग्रस्त मुलींवरील धार्मिक प्रभावाचा आणखी एक पुरावा दिसला. आश्रय देणारी संस्था आणि श्रद्धा देणारी संस्था एकच असेल तर मुलीची निवड कितपत मोकळी राहते, हा प्रश्न त्या काळीही रास्त होता आणि अभ्यासकांनी तो आजही सोडलेला नाही.

पहिल्या टीकेला रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या नियतकालिकातून उत्तर दिले. हिंदुस्थानातील लोकांनी पाश्चात्त्यांच्या रीतीनेच, मोजक्या शब्दांत व हळू आवाजात देवाला भजले पाहिजे असा नियम कोणी केला, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. आपली माणसे भावनेने बोलतात, रडतात, हसतात, आणि पवित्र आत्मा त्यांच्याशी त्यांच्याच स्वभावाने वागत असेल तर त्याला अडवू नये, असे त्या म्हणत. आयुष्याची पहिली वीस वर्षे पुराणश्रवण आणि कथनात घालविलेल्या स्त्रीचे हे उत्तर आहे. ज्या वाँटेजशी तिने सिद्धांतावर वाद घातला, त्याच परंपरेशी ती आता उपासनेच्या रीतीवर वाद घालीत होती.

मात्र त्यांनी बाह्य चिन्हांना अंतिम मानले नाही. अनुभव खरा की खोटा हे पुढच्या वागणुकीवरून ठरेल, हे त्यांचे मत कायम राहिले. १९०६ नंतर मुक्तीत ‘अन्य भाषां’त बोलण्याच्या घटना घडल्याचे सांगितले जाऊ लागले. दौंड येथे मुलांचे अनाथालय चालविणारे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी मुक्तीत इंग्रजी न येणाऱ्या मुलीला इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहिले आहे. रमाबाईंनी हे दान नाकारले नाही, परंतु ते प्रत्येकाला मिळालेच पाहिजे, अथवा त्यावाचून पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा अपुरा आहे, ही अमेरिकेत रूढ होत असलेली शिकवण स्वीकारली नाही. आपल्याला स्वतःला ते मिळाल्याचा दावाही त्यांनी केला नाही.

प्रसार

मुक्तीतील प्रार्थनापथके महाराष्ट्रातील इतर मिशन केंद्रांत गेली आणि तेथेही कमीअधिक प्रमाणात अशीच जागृती झाली. ईशान्येकडे खासी टेकड्यांत १९०५ च्या वसंत ऋतूतच वेल्श प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत उज्जीवन सुरू झाले होते आणि १९०६ मध्ये ते लुशाई टेकड्यांपर्यंत (आजचे मिझोराम) पोहोचले. त्याचा वेल्सशी थेट संबंध होता. मुक्तीचे नाते मात्र त्या वार्तेपुरतेच होते.

सर्वांत दूरचा धागा चिलीत जातो. एब्रम्स यांनी १९०६ मध्ये पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत त्यांनी वालपाराइसो येथील मेथडिस्ट धर्मोपदेशक विलिस हूवर यांच्या पत्नीला, आपल्या जुन्या सहाध्यायिनीला, पाठविली. १९०९ मध्ये हूवर यांच्या मंडळीत उज्जीवन झाले, पुढच्या वर्षी त्यांना मेथडिस्ट संस्थेतून बाहेर पडावे लागले, आणि तेथून चिलीतील पेंटेकोस्टल चळवळ वाढली. ॲलन अँडरसन व गॅरी मॅकगी यांच्यासारख्या इतिहासकारांनी यावरून पेंटेकोस्टल चळवळीचा उगम केवळ १९०६ च्या लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीट सभांत शोधणे अपुरे असल्याचे दाखविले आहे. केडगाव त्या सभांहून दहा महिने आधीचे आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेतील स्थान

पाश्चात्त्य साच्यातून मराठी ख्रिस्ती भक्ती मोकळी करण्याचा दुसरा मोठा प्रयत्न याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) करीत होते. त्यांचा मार्ग अभंग, भजन आणि कीर्तनाचा होता. १९१७ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. टिळकांचा भर वाणीवर आणि रमाबाईंचा प्रार्थनेवर असला, तरी उसन्या रीतींनी श्रद्धा वाळते हे निदान दोघांचेही एकच होते. मराठी मंडळ्यांत टिळकांची पदे आजही गायली जातात. मुक्तीच्या उज्जीवनाची आठवण त्या मानाने पुसट आहे. रमाबाईंची मराठी चरित्रे, देवदत्त नारायण टिळक यांचे ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ (१९६०) धरून, वाचली जातात ती मुख्यतः त्यांच्या समाजकार्यासाठी.

नंतरचा काळ

वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स १९०६ पर्यंत थकून सार्वजनिक सभांतून निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे तेथील लाटही ओसरली. एब्रम्स १९१० नंतर उत्तर हिंदुस्थानात काम करू लागल्या आणि १९१२ मध्ये तेथेच निवर्तल्या. केडगावात वर्ग पुन्हा भरू लागले, माग आणि छापखाना सुरू झाला. रमाबाईंनी स्वतः उरलेली वर्षे हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला वाचून कळेल असे ते असावे, हा त्यांचा हेतू होता. नवा करार १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारल्या. संपूर्ण भाषांतर पुरे झाल्यावर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी छापलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.