कर्नलमधील मेमरी कॉपी आणि कॅश प्रदूषण

कॅश प्रदूषण म्हणजे नजीकच्या काळात न लागणारी माहिती प्रोसेसरच्या कॅश मेमरीत येऊन तेथील उपयुक्त माहिती बाहेर ढकलली जाणे होय. संचालन प्रणालीचे कर्नल मोठ्या प्रमाणावर मेमरी कॉपी करते, तेव्हा हा परिणाम विशेषत्वाने दिसतो. फाइल वाचताना कर्नलच्या ताब्यातील माहिती वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत कॉपी होते. फाइल लिहिताना याच्या उलट घडते. कॉपी केलेली माहिती कॅशमध्ये ठेवणे हितावह आहे की नाही, हे ती पुढे कोण व केव्हा वाचणार यावर अवलंबून असते. कर्नलला मात्र ते बहुधा आधी ठाऊक नसते.

== कार्यपद्धती ==
कॅश व मुख्य मेमरी यांच्यातील देवाणघेवाण ‘कॅश लाइन’ या एककात होते. एक्स८६ प्रोसेसरांत तिचा आकार ६४ बाइट असतो. त्यामुळे ४,०९६ बाइटच्या एका पानात ६४ कॅश लाइन मावतात. कॅशमध्ये नसलेल्या जागी साध्या आज्ञेने लेखन केल्यास प्रोसेसर ती लाइन प्रथम मेमरीतून वाचतो, मग तीत बदल करतो आणि कालांतराने ती मेमरीत परत लिहितो. म्हणून स्रोत व गंतव्य दोन्ही कॅशबाहेर असताना एका पानाच्या कॉपीसाठी ६४ नव्हे, तर ६४ पाने नव्हेत, पण ६४च्या तिप्पट म्हणजे १९२ लाइनींची ने-आण होते.

अनेक प्रोसेसरांत पहिल्या स्तराची डेटा कॅश ३२ किलोबाइटची असते. १६ किलोबाइट माहिती कॉपी करताना स्रोत व गंतव्य मिळून तेवढीच जागा व्यापली जाते. परिणामी कॉपी संपल्यावर मूळ प्रोग्रॅमला आपली माहिती खालच्या स्तरांतून पुन्हा आणावी लागते. हा खर्च कॉपीच्या वेळेत मोजला जात नाही. तो नंतर, अन्यत्र प्रकट होतो.

== कॅश टाळणारे लेखन ==
यावर उपाय म्हणून एक्स८६ प्रोसेसरांत कॅशला वळसा घालून लिहिणाऱ्या आज्ञा आहेत. १९९९ मधील पेंटियम ३ मध्ये एसएसई संचाबरोबर अशा आज्ञा आल्या. पुढे एसएसई२ मध्ये ‘मूव्हएनटीआय’ ही आज्ञा आली. या आज्ञांमुळे गंतव्याचे पूर्ववाचन टळते आणि वरील उदाहरणातील ने-आण १२८ लाइनींवर येते. मात्र अशा लेखनांचा क्रम शिथिल असतो. त्यामुळे माहिती तयार असल्याचे दुसऱ्या गाभ्यास कळवण्यापूर्वी ‘एसफेन्स’ ही आज्ञा द्यावी लागते.

== लिनक्समधील वापर ==
लिनक्स कर्नलमध्ये २००६ साली फाइल-लेखनाच्या मार्गावर कॅश टाळणारी कॉपी समाविष्ट करण्यात आली. लिहिलेली माहिती लगेच वाचली जात नाही, हे त्यामागील गृहीतक होते. प्रत्यक्षात लहान आकाराच्या लेखनांत कार्यक्षमता घटल्याचे आढळले. आधी लहान लेखने या पद्धतीतून वगळण्यात आली आणि २००९ मध्ये सर्वसाधारण फाइल-लेखन पुन्हा साध्या कॉपीवर आणण्यात आले. नुकतीच लिहिलेली माहिती थोड्याच वेळात वाचली जात असेल, तर कॅश टाळल्यामुळे ती मुख्य मेमरीतूनच आणावी लागते.

वीज गेल्यावरही माहिती टिकवणाऱ्या मेमरीसाठी मात्र लिनक्स अशा आज्ञा वापरते. तेथे हेतू प्रदूषण टाळण्याचा नसून माहिती कॅशमध्ये अडकून न राहता मेमरीपर्यंत पोहोचावी, हा असतो.

== अन्य उपाय ==
* '''कॉपीचा क्रम बदलणे''' : २ मेगाबाइटच्या मोठ्या पानात ४,०९६ बाइटची ५१२ उपपाने असतात. प्रोग्रॅमने ज्या उपपानाला स्पर्श केला, ते लिनक्स २०१८ पासून सर्वांत शेवटी कॉपी करते. त्यामुळे लगेच लागणारी माहिती कॅशमध्ये शिल्लक राहण्याची शक्यता वाढते.
* '''कॉपी टाळणे''' : ‘सेंडफाइल’ या सिस्टिम कॉलमुळे फाइलमधील माहिती वापरकर्त्याच्या मेमरीत न आणता थेट नेटवर्ककडे पाठवता येते.