गिरगाव सुटले, गणपती सोबत आला

यंदाच्या उत्सवाच्या पहिल्याच बैठकीत एक विषय निघाला. आपल्यातल्याच एका तरुण सभासदाने विचारले, "काका, नोएडात आपण वेगळा गणपती बसवायचाच कशाला? मेट्रो आहे. दिल्लीतल्या मोठ्या मंडळांपैकी एखाद्यात सामील होऊ. इथे संध्याकाळच्या सातच्या आरतीला दहा माणसंसुद्धा जमत नाहीत. सगळे त्या वेळी गाडीत नाहीतर ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात." त्याच्या बोलण्यात तथ्य होते, त्यामुळे कोणी रागावले नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता. माझे बालपण डोंबिवलीत गेले आणि तिथेही तो विचारला जात असे. म्हणून संपादकांनी स्मरणिकेसाठी "काहीतरी जुने लिहा" म्हटले, तेव्हा हाच विषय घेतला. शहर सोडून रेल्वेच्या सोयीने उपनगरात जाणे ही आपल्या माणसांची जुनी गोष्ट आहे. ती थोडी उजळून पाहिली, तर आजच्या प्रश्नाचेही उत्तर सापडेल असे वाटते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली रेल्वे धावली, हे आपण शाळेत शिकलो. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणपर्यंत पोचली. पण तेव्हा रोज कामाला जाण्यासाठी कोणी गाडीत बसत नव्हते. पश्चिमेच्या बाजूला १८६७ साली विरारहून मुंबईकडे गाडी सुरू झाली, तीही दिवसातून एकच. नोकरदार माणूस गिरणी, गोदी आणि कचेरी यांच्या जवळ, चालत जाता येईल अशाच ठिकाणी राहत असे. गिरगाव, काळबादेवी, परळ, लालबाग इथल्या चाळी अशाच भरल्या.

त्या चाळींना पहिला मोठा हादरा दिला तो १८९६ च्या प्लेगने. मांडवी भागात साथ सुरू झाली आणि दाटीवाटीच्या वस्तीचे भयानक रूप सर्वांना दिसले. माणसे गावी पळाली. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रुंद रस्ते काढणे, दाट वस्त्या मोकळ्या करणे आणि उत्तरेकडे दादर-माटुंगा भागात आखीव वसाहती वसवणे हे त्याचे काम. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याच आखणीची फळे. तेव्हाच्या गिरगावकराच्या दृष्टीने दादर हेच दूर होते, हे आज सांगूनही पटत नाही.

त्याच्याही पलीकडे, साष्टीच्या भागात, विलेपार्ले वसत होते. मराठी मध्यमवर्गाने आपले म्हणून घडवलेल्या उपनगरांचा विचार करताना पार्ल्याचे नाव आधी घ्यावे लागते. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय निघाले आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. लोकमान्य १९२० च्या ऑगस्टमध्ये गेले होते आणि त्यांच्या नावाने काही उभारावे ही ओढ ताजी होती. पु. ल. देशपांडे जन्मले गावदेवीला, पण वाढले आणि शिकले ते पार्ल्यात. म्हणजे ज्या माणसाने चाळीला साहित्यात अमर केले, तो स्वतः उपनगरात लहानाचा मोठा झालेला होता!

पुढे विजेची गाडी आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी हार्बर मार्गाने धावली. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत वीज पोचली आणि १९३० च्या सुमारास कल्याणच्या पुढे घाटही विजेने ओलांडले गेले. या कामासाठी रेल्वेने डोंबिवलीच्या शेजारी ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले होते. वाफेच्या गाडीपेक्षा ही गाडी लवकर वेग घेई आणि स्थानकावर लवकर थांबे, त्यामुळे थोड्या थोड्या अंतरावर थांबत जाणारी जलद उपनगरी सेवा शक्य झाली. लोकल हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरला की तो इंग्रजी आहे याची आठवणही राहिली नाही.

पण नुसती गाडी असून माणूस घर सोडत नाही. गिरगावातून बाहेर पडायला त्याला भाग पाडले ते जागेने. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. पण हळूहळू मालकाला दुरुस्ती परवडेना, नवी चाळ बांधण्यात कोणाला रस उरेना आणि रिकामी खोली पागडीशिवाय मिळेना. ज्याच्याकडे खोली होती त्याला ती सोडवत नव्हती. ज्याच्याकडे नव्हती, त्या धाकट्या भावाला शहरात जागा नव्हती. आमच्याच घरी गिरगावातल्या दहा बाय बाराच्या दोन खोल्यांत तीन भावांचे संसार होते. रात्री पुरुष मंडळी गॅलरीत वळकटी पसरत. माझे वडील सर्वांत धाकटे. त्यामुळे बाहेर पडण्याची पाळी त्यांचीच.

१९६० च्या दशकात सहकारी संस्थांचा कायदा (१९६०) आणि मालकीच्या सदनिकांविषयीचा कायदा (१९६३) असे दोन कायदे झाले. पगारदार माणसाला 'ओनरशिपचा ब्लॉक' घेणे आता आवाक्यातले वाटू लागले. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली, आईने पाटल्या मोडल्या, आणि १९६८ च्या मे महिन्यात आम्ही डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये राहायला आलो. मी सहा वर्षांचा होतो. समोर भातशेती होती, पावसाळ्यात बेडकांचा आवाज घरात येई आणि पाण्यासाठी विहिरीवर जावे लागे. आई पहिले सहा महिने रडत होती. "आपण मुंबईतून हद्दपार झालो," असे ती म्हणायची. चाळीतल्या बायका तिला पत्र लिहायच्या, जणू ती परगावी गेली होती.

डोंबिवली ते बोरीबंदर हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. वडिलांचे जाणे-येणे, स्टेशनपर्यंतची पायपीट आणि गाडीची वाट पाहणे धरून रोजचे तीन तास. वर्षाचे तीनशे दिवस, अशी पस्तीस वर्षे. मी एकदा हिशेब मांडला. साडेतीन वर्षांहून अधिक काळ, रात्रंदिवस धरून, माझे वडील लोकलमध्ये होते. ब्लॉकची खरी किंमत ती होती. कर्जाचे हप्ते सोळा वर्षांत फिटले, हे हप्ते निवृत्तीपर्यंत चालू राहिले.

बायकांचा हिशेब तर याहून कडक. माझी आत्या आमच्याकडे राहून फोर्टात नोकरी करी. पहाटे साडेचारला उठून डबे, मग गाडी, आणि परतताना डब्यात बसायला मिळालेच तर मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडणे. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली पहिली 'लेडीज स्पेशल' १९९२ च्या मे महिन्यात सुरू झाली. आत्या तोवर निवृत्तीला टेकली होती. आणि गर्दीची सर्वांत मोठी किंमत आजही मोजली जात आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही प्राणाला मुकले. ते चाकरमानीच होते. उपनगराचे गुणगान गाताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नाही.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरणगाव विस्कटले, आणि मध्यमवर्गापाठोपाठ कामगारांची कुटुंबेही ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली आणि डोंबिवली तिच्यात आली. भातशेती दिसेनाशी झाली.

आता मूळ मुद्दा. एवढे तास गाडीत घालवणाऱ्या या माणसांनी डोंबिवलीला झोपायला येण्याची जागा का होऊ दिली नाही? तिथले गणेश मंदिर संस्थान १९२४ पासूनचे. त्याच संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा निघाली आणि पाहता पाहता तिचे अनुकरण महाराष्ट्रभर झाले. ही प्रथा मुंबईकडून डोंबिवलीला आली नाही, डोंबिवलीकडून मुंबईला गेली! फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. ज्या गावी जाताना माझी आई हद्दपार झाले म्हणून रडली, तिथे पन्नास वर्षांच्या आत सारस्वतांचा मेळा जमला.

हे कसे घडले, याचे छोटे रूप मी आमच्या इमारतीत पाहिले आहे. पहिली तीन वर्षे आम्ही गणपतीला गिरगावात जात असू. गिरगावात १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक उत्सव चालत आलेला, त्याच्यापुढे डोंबिवलीची काय मातब्बरी! चौथ्या वर्षी इमारतीतल्या एका आजीबाई म्हणाल्या, "देव तिथं आणि आम्ही इथं, असं किती दिवस?" झाले. जिन्याखाली पाट मांडून, घरटी पाच रुपये वर्गणी काढून गणपती बसला. पहिल्या संध्याकाळी सातच्या आरतीला फक्त बायका आणि मुले होती. पुरुष मंडळी गाडीत. दुसऱ्या दिवशी आरतीची वेळ बदलली. ठरले असे की, बोरीबंदरहून सुटणारी अमुक गाडी डोंबिवलीला लागली, माणसे चालत घरी आली, हातपाय धुतले, की मग टाळ वाजेल. गाडी उशिरा तर आरती उशिरा. एकदा पावसाने गाड्या अडकल्या तेव्हा रात्री पावणेबाराला आरती झाल्याचे मला आठवते, आणि त्या रात्रीइतकी माणसे पुन्हा कधी जमली नाहीत.

वाचकहो, मी नोकरीनिमित्त १९८६ साली दिल्लीला आलो. बारा वर्षे सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि दिल्लीत घर परवडेना म्हणून नोएडाला आलो. आपल्यापैकी बहुतेकांची हीच कथा आहे. नोएडा वसवायला सुरुवात झाली १९७६ साली. मेट्रो इथे आली २००९ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याआधी बसमध्ये लोंबकळत यमुना ओलांडणारे सभासद आजही आपल्या मंडळात आहेत. वडिलांनी बोरीबंदर-डोंबिवली केले, मी कॅनॉट प्लेस-नोएडा केले. मार्ग बदलला, पिशवीतला डबा तोच.

दिल्लीतली मराठी मंडळे आपल्याला परकी नाहीत. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली आणि त्यानंतर २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत साहित्य संमेलन झाले. २०२५ चे संमेलन पाहायला आपण सगळे मेट्रोनेच गेलो होतो. तिथे जरूर जावे. पण आपल्या सोसायटीतला सात वर्षांचा मुलगा 'सुखकर्ता' म्हणायला शिकेल, तो वर्षातून एकदा यमुनेपलीकडे जाऊन नव्हे. तो शिकेल जिन्याखालच्या गणपतीपुढे, शेजारच्या काकूंच्या चुकलेल्या चालीमागे चाल धरून. आपल्या बंगाली आणि तमिळ शेजाऱ्यांनाही मोदक इथेच मिळतात.

म्हणून पुढच्या बैठकीत माझी सूचना अशी आहे. गणपतीची जागा बदलू नये, आरतीची वेळ बदलावी. सातऐवजी सव्वानऊ करावी. मेट्रो उशिरा आली, तर थोडे थांबावे. त्या तरुण सभासदाला मी हे सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, मग टाळ मी वाजवीन, पण मला यायला साडेनऊ होतात."

साडेनऊला करू!

गणपती बाप्पा मोरया!