बायलरचे घोडे

२३. व्हॅलेंटाइन बायलर हा पेनसिल्व्हेनियातील न्यू विल्मिंग्टनजवळचा आमिश शेतकरी. आमिश हा ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतला ख्रिस्ती पंथ. म्हातारपणी, आजारपणात एकमेकांना सांभाळणे हे मंडळीचेच काम, असे हा पंथ बायबलमधल्या १ तीमथ्य ५:८ च्या आधारे मानतो. सरकारी विमा घेणे त्याला देवावरचा भरवसा सोडण्यासारखे वाटते. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी ही करावर चालणारी सरकारी विमा योजना १९३५ साली आली आणि १९५५पासून स्वतःची शेती करणाऱ्यांनाही लागू झाली. बायलरने तिचा कर भरला नाही. १९६१च्या वसंतात, ऐन नांगरणीत, करखात्याच्या माणसांनी त्याचे तीन घोडे औतापासून सोडून नेले आणि लिलावात विकले. वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलून धरले. १९६५च्या कायद्याने अशा पंथांतील स्वतंत्र व्यावसायिकांना सूट मिळाली. त्यासाठी योजनेच्या लाभांवर मात्र पाणी सोडावे लागते. नोकर ठेवणाऱ्या आमिश मालकाला ही सूट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये ठरवले. मालक आणि नोकर दोघेही आमिश असल्यास सूट देणारी दुरुस्ती १९८८ची. प्राप्तिकर, जमीनपट्टी हे कर आमिश भरतातच. वरच्या उताऱ्यातला ‘करबुडवे’ हा शेरा म्हणून चुकीचा आहे. — संपा.