आकाशगामी वीराचें कुलवृत्त

जुलै २०२५ मध्यें सुपरमॅनचा नवा चित्रपट आला, तेव्हां घरांतील दोन मुलांच्या आग्रहापुढें आमचें कांहीं चाललें नाहीं व आम्हीही चित्रगृहांत जाऊन बसलों. एक अजस्र जनावर शहरांत धुमाकूळ घालीत आहे, इमारती डळमळत आहेत, आणि अशा धामधुमींत हा वीर मध्येंच खालीं झेप घेऊन एका खारीला उचलतो व सुरक्षित जागीं नेऊन ठेवतो. आमच्या मागच्या रांगेंतील एक गृहस्थ मोठ्यानें हंसले. आमच्याबरोबरच्या धाकट्या मुलीला मात्र त्यांत हंसण्यासारखें कांहींच दिसलें नाहीं. खार वांचली कीं नाहीं, एवढेंच तिला पाहावयाचें होतें. घरीं परततांना आमच्या मनांत आलें कीं, त्या गृहस्थांपेक्षां ह्या मुलीलाच सुपरमॅनचा इतिहास अधिक कळला असावा. आणि तो कळल्यावांचून आजच्या ह्या अतिमानवी वीरांच्या चित्रपटांविषयीं बोलणें म्हणजे आख्यान न ऐकतां कीर्तनकाराला नांवें ठेवण्यासारखें आहे. म्हणून तो प्रथम सांगतों.

अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहरीं जेरी सीगेल व जो शूस्टर हीं दोन मुलें एकाच शाळेंत होतीं. दोघांचाही जन्म १९१४ चा, दोघेही युरोपांतून पोटासाठीं आलेल्या ज्यू कुटुंबांतले, दोघेही बुजरे. सीगेल लिही, शूस्टर चित्रें काढी. शूस्टरची दृष्टि अधू होती, व घरीं कागदाला पैसे नसल्यामुळें तो भिंतीला चिकटवावयाच्या कागदाच्या पाठीवर रेखाटनें करी. त्याचा बाप शिंपी; सीगेलच्या बापाचें कपड्यांचें लहानसें दुकान. २ जून १९३२ रोजीं ह्या दुकानांत चोर शिरले आणि त्या धक्क्यानें सीगेलच्या बापाचें हृदय बंद पडून तो गतप्राण झाला. तें वर्ष महामंदीचें होतें. ज्याला बंदुकीची गोळी लागत नाहीं असा पुरुष त्यानंतर ह्या मुलाला सुचावा, ह्याचा संबंध कांहीं अभ्यासकांनीं त्या प्रसंगाशीं जोडला आहे. हा तर्कच खरा. पण तो अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं.

गंमत अशी कीं, १९३३ मध्यें ह्या जोडीनें स्वतः काढलेल्या एका चक्रमुद्रित मासिकांत ‘सुपरमॅन’ हें नांव प्रथम आलें तें एका टकल्या खलपुरुषाचें! पुढें त्याचा वीर झाला, अंगावर निळा पोशाख व पाठीवर तांबडें वस्त्र आलें, आणि हीं चित्रें घेऊन दोघे वर्षानुवर्षें प्रकाशकांचे उंबरठे झिजवूं लागले. अखेर १९३८ मध्यें ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ ह्या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकांत ती कथा छापली गेली. तेरा पानें, दर पानास १० डॉलर, एकूण १३० डॉलर. आणि ह्या रकमेच्या मोबदल्यांत सुपरमॅनवरील सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन. सही करतांना दोघांचीं वयें चोवीसच्या आंतबाहेर होतीं. आपण काय लिहून देत आहों हें त्यांना समजत नव्हतें असें नाहीं. पण ज्याच्या हातीं दुसरा धंदा नाहीं त्याला समजूनही काय उपयोग?

त्या पहिल्या कथेंतला सुपरमॅन काय करतो, हें पाहण्यासारखें आहे. विजेच्या खुर्चीवर बसविल्या जाणाऱ्या एका निरपराध बाईला सोडविण्यासाठीं तो रात्रीं गव्हर्नरच्या घराचें दार फोडतो. बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याची खोड मोडतो. वॉशिंग्टनला जाऊन एका सेनेटराला आपल्या कह्यांत ठेवूं पाहणाऱ्या दलालाची गाळण उडवितो. पुढच्या अंकांत मजुरांच्या जिवाची पर्वा न करणाऱ्या एका खाणमालकाला त्याच्याच खाणींत अडकवून तो धोका म्हणजे काय तें दाखवितो, आणि एकदां तर गरिबांच्या गलिच्छ वस्त्या जमीनदोस्त करून सरकारला त्या जागीं नवीं घरें बांधावयास लावतो. परग्रहावरचें सैन्य नाहीं, विश्वाचा संहार नाहीं. शेजारच्या गल्लींत जें रोज घडतें आणि ज्यापुढें शिंप्याच्या मुलाचें कांहीं चालत नाहीं, तेवढेंच त्यानें निस्तरावयाचें. ह्या वेळीं त्याला उडतां देखील येत नव्हतें. तो अष्टमांश मैलाची उडी मारी. (आमच्या मारुतिरायाचें समुद्रोल्लंघनही उडीच होती, हें येथें कोणीं तरी अभिमानानें सांगेलच; आम्हीही सांगून टाकतों.) १९४१ पासून फ्लायशर बंधूंनीं त्याचे कार्टूनपट काढले. टोळासारख्या उड्या मारणारा वीर हलत्या चित्रांत बरा दिसेना, म्हणून तो आकाशांतून सरळ तरंगत जाऊं लागला. हें गगनगमन त्याच्या अंगीं बाणलें त्यांत चित्रपटाचा वाटा असा मोठा आहे.

चित्रपटानें माणसाला उडवावें ह्यांत नवल नाहीं. ‘चंद्रावरील सफर’ १९०२ मध्यें पडद्यावर आणणारा फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस हा मूळचा रंगमंचावरचा जादूगार. आपल्याकडे १९१७ मध्यें ‘लंकादहन’ व १९१९ मध्यें ‘कालियामर्दन’ काढणारे दादासाहेब फाळकेही जादूचे खेळ करीत असत. अद्भुताची हौस ही पडद्याची जन्मजात हौस आहे; तिला बालिश म्हणणारे टीकाकार पुष्कळ वेळां पडद्यालाच बालिश म्हणत असतात.

असो. सुपरमॅन श्रीमंत होत गेला आणि त्याचे जनक मात्र दरिद्री. १९४७ मध्यें दोघांनीं हक्कांसाठीं दावा लावला. पुढल्या वर्षीं तडजोडीनें कांहीं रक्कम मिळाली, पण हक्क प्रकाशकाकडेच राहिले व चित्रकथेवरील दोघांचीं नांवेंही गेलीं. ह्यानंतरचीं पंचवीस-सत्तावीस वर्षें वाचतांना मन विषण्ण होतें. शूस्टर जवळजवळ आंधळा झाला होता. सीगेल लॉस एंजेलिस येथें टपाल वांटणाऱ्या साध्या कारकुनाच्या जागेवर नोकरी करीत होता. १९७५ मध्यें सुपरमॅनवर प्रचंड खर्चाचा चित्रपट निघणार अशी बातमी आली, तेव्हां सीगेलनें वर्तमानपत्रांना एक लांबलचक पत्र धाडलें आणि त्या चित्रपटाला चक्क शाप दिला. नील अ‍ॅडम्स व जेरी रॉबिन्सन ह्या दोघां चित्रकारांनीं गाजावाजा करून हा प्रश्न लोकांपुढें आणला. बदनामीच्या भीतीनें म्हणा, लाजेनें म्हणा, त्या वर्षाच्या डिसेंबरांत मालक कंपनीनें दोघांनाही वर्षाला वीस हजार डॉलरांचें तहहयात वेतन आणि नामनिर्देश मान्य केला. त्याच चित्रपटांत वीराच्या बापाची थोड्या वेळाची भूमिका करण्याबद्दल मार्लन ब्रँडो ह्यांना सदतीस लाख डॉलर व शिवाय उत्पन्नांत भाग मिळाला, हें समजल्यावर त्या वीस हजारांचें वजन वाचकांनीं स्वतःच करावें. ज्या धनादेशांतून ते १३० डॉलर चुकते झाले, तो कागद २०१२ मध्यें लिलांवांत एक लाख साठ हजार डॉलरांस गेला. आणि ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्यें साठ लाख डॉलरांस.

शाप असूनही १९७८ चा तो चित्रपट उत्तम निघाला. क्रिस्तोफर रीव्ह ह्यांनीं बुजरा वार्ताहर व आकाशगामी वीर हीं दोन्ही रूपें केवळ खांदे पाडून व सरळ करून दाखविलीं आहेत; तेवढें काम आज शेंकडों संगणकांना साधत नाहीं असें आमचें मत आहे. त्या चित्रपटांतही तो एका लहान मुलीचें झाडावर अडकलेलें मांजर खालीं उतरवून देतो. ह्याच्या उलट २०१३ चा ‘मॅन ऑफ स्टील’. त्यांत दोन बलाढ्य पुरुष एकमेकांना इमारतींवर आदळीत राहतात, निम्मी नगरी धुळीस मिळते, आणि शेवटीं वीर प्रतिपक्ष्याची मान मोडतो. त्या कोसळणाऱ्या मजल्यांवर कोणी कारकून, कोणी शिंपी बसलेला असेल हें दिग्दर्शकाच्या फारसें लक्षांत आलेलें दिसत नाहीं. चित्रें भव्य आहेत, संगीत गंभीर आहे. पण क्लीव्हलंडच्या त्या दोन मुलांनीं ज्याच्यासाठीं हा पुरुष घडविला, तो माणूसच त्यांतून नाहींसा झाला आहे. म्हणून २०२५ ची ती खार आम्हांला महत्त्वाची वाटली. चित्रपटांत दोष पुष्कळ आहेत, पात्रांची गर्दी तर बाजारांतल्यासारखी आहे. पण जेम्स गन ह्यांनीं मूळ कुळाचार ओळखला आहे.

दुसरें घराणें मार्व्हलचें. त्याचा मुख्य चित्रकार जॅक कर्बी हाही न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तींतला. अमेरिका युद्धांत पडण्यापूर्वींच त्यानें व जो सायमननें ‘कॅप्टन अमेरिका’कडून मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावला होता. १९६१ पासून स्टॅन ली व कर्बी ह्यांनीं जे वीर निर्माण केले, ते आपसांत भांडणारे, रागावणारे, चुकणारे. ली व स्टीव्ह डिटको ह्यांचा स्पायडरमॅन तर घरभाड्याची चिंता करणारा. मध्यमवर्गाला तो जवळचा वाटला तो उगाच नव्हे. पण कंपनीनें १९९६ मध्यें दिवाळें काढलें. पुढें २००५ मध्यें तिनें एका सावकारी पेढीकडून साडेबावन्न कोटी डॉलरांची उचल घेतली, आणि तारण म्हणून काय ठेवलें, तर आपल्या दहा वीरांचे चित्रपटाचे हक्क! शेत गहाण पडतें, दागिने गहाण पडतात. वीर गहाण पडल्याचें आम्हीं हें पहिलेंच ऐकलें. त्या पैशांतून २००८ चा ‘आयर्न मॅन’ निघाला, वीर सुटले, आणि पुढल्याच वर्षीं डिस्ने कंपनीनें सारें घराणें सुमारें चारशें कोटी डॉलरांस विकत घेतलें. २०१९ च्या ‘एण्डगेम’नें सुमारें दोनशें ऐंशीं कोटी डॉलर गोळा केले. तो आम्ही पाहिला आहे. अकरा वर्षें जपलेल्या पात्रांचा निरोप म्हणून तो डोळे ओले करतो, हें कबूल केलेंच पाहिजे. मार्टिन स्कॉर्सेसी ह्यांनीं त्याच वर्षीं ह्या साऱ्या प्रकाराला जत्रेंतल्या करमणुकीच्या उद्यानाची उपमा दिली; ती कठोर असली तरी पुढच्या चित्रपटांनीं खरी करून दाखविली. एका कथेचा अर्थ लागावयास आधींच्या दहा कथा पाठ असाव्या लागतात, हें पुराणाला शोभतें, कारण पुराण आजीकडून फुकट ऐकावयास मिळतें. येथें दर अध्यायास तिकीट आहे. २०२३ चा ‘द मार्व्हल्स’ त्या मालिकेंतील सर्वांत कमी उत्पन्नाचा ठरला, तेव्हां प्रेक्षक थकले हें मालकांनाही कळलें.

विज्ञानकथांचे चित्रपट पुष्कळ लोक ह्याच दावणीला बांधतात, तें आम्हांला मान्य नाहीं. अतिमानवाच्या कथेंत सृष्टीचा नियम माणसापुढें वांकतो; विज्ञानकथेंत माणसाला नियमापुढें वांकून वाट काढावी लागते. २०१५ च्या ‘द मार्शियन’मध्यें मंगळावर मागें राहिलेला वनस्पतिशास्त्रज्ञ बटाटे पिकवून जगतो, आणि त्या बटाट्यांचा हिशेब चुकला तर त्याला कोणतेंही लाल वस्त्र वांचविणार नाहीं. २०१६ च्या ‘अरायव्हल’ची नायिका भाषापंडित आहे, परग्रहवासीयांशीं सामना तिनें व्याकरणाच्या बळावर दिला आहे, आणि शाळेंत व्याकरणाचा कंटाळा करणाऱ्या मुलांना आम्हीं तो मुद्दाम दाखविला. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’साठीं किप थॉर्न ह्या भौतिकशास्त्रज्ञानें समीकरणें मांडून दिलीं व त्यांवरून कृष्णविवराचें चित्र संगणकानें काढलें, चित्रपटाचा शेवट मात्र भावनेच्या भरांत त्याच समीकरणांना सोडून पळतो. मराठी वाचकाला हा विषय परका नाहीं. जयंत नारळीकर ह्यांनीं १९७४ मध्यें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनांवानें पाठविलेल्या कथेचें नांवच ‘कृष्णविवर’ होतें.

आतां पुन्हां त्या दोन मित्रांकडे. शूस्टर १९९२ मध्यें व सीगेल १९९६ मध्यें वारला. बॅटमॅनचा सहनिर्माता बिल फिंगर १९७४ मध्यें वारला होता. त्याचें नांव पडद्यावर यावयास २०१६ साल उजाडावें लागलें. कर्बीच्या वारसांशीं मार्व्हलनें २०१४ मध्यें तडजोड केली. सुपरमॅनचा कज्जा अद्याप जुना झालेला नाहीं. ब्रिटिश साम्राज्याच्या जुन्या कायद्याप्रमाणें ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं त्यानें विकलेले हक्क वारसांकडे परत येतात. त्या आधारें शूस्टरच्या वारसांनीं जानेवारी २०२५ मध्यें ब्रिटन, कॅनडा इत्यादि देशांपुरता दावा गुदरला. संघीय न्यायालयानें अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो काढून टाकला, वारस न्यूयॉर्क संस्थानाच्या न्यायालयाकडे वळले, आणि चित्रपट ठरल्या दिवशीं लागला.

मार्व्हलनें प्रेक्षकांना एक संवय लावली आहे, ती अशी कीं चित्रपट संपल्यावरही एखादें शेपूट दिसेल ह्या आशेनें लोक नामावळी सरेपर्यंत खुर्चीवर बसून राहतात. त्या नामावळींत आतां पुष्कळदां मुंबईच्या चित्रशाळांत रात्रपाळी करणाऱ्यांचींही नांवें असतात. तीं कोणी वाचीत नाहीं. त्या दिवशीं आम्हींही दोन्ही मुलांना बसवून ठेवलें. सीगेल आणि शूस्टर ह्यांचीं नांवें आलीं तेव्हां थोरल्यानें तीं मोठ्यानें वाचलीं व विचारलें, “हे दोघे चित्रपटांत कोणाचें काम करतात?” धाकटी अद्याप खारीचीच गोष्ट सांगत होती.